चिनी सकाळ आणि मराठीचे दोन ‘च’

वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्याच्या या गावातून आषाढी वारीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. गावातील सकाळ मात्र इतर कोणत्याही गावासारखीच. उठावे, दात घासावेत, तोंड धुवावे, आंघोळ उरकावी, चहा घ्यावा आणि कामाला लागावे. उत्तर चीनमधील एखाद्या खेड्यातही हा क्रम थोड्याफार फरकाने असाच असतो. नवी भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची आहे. सकाळची कामे रोज त्याच क्रमाने होतात आणि त्यांना लागणारे शब्द फार तर तीस-चाळीस असतात. शब्द विसरला, तरी दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घेताच त्याची आठवण व्हावी, अशी ही व्यवस्था आहे.

कौंडण्यपुराहून नदी ओलांडली की वर्धा जिल्हा सुरू होतो. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषेचे अभ्यासक्रम चालविले गेले आहेत. पण प्रत्यक्ष वर्गापर्यंत पोहोचणारे थोडे. बाकीचे इच्छुक मोबाईलच्या आधाराने, रोमन लिपीत लिहिलेले चिनी शब्द वाचत शिकू लागतात आणि पहिली ठेच तेथेच लागते. इंग्रजीच्या वळणाने वाचलेला चिनी शब्द चिनी माणसाला भलताच ऐकू येतो. गंमत अशी की, ज्या ध्वनींसाठी रोमन लिपीला कसरत करावी लागते, त्यांतील बरेचसे मराठी माणसाच्या जिभेवर जन्मापासून असतात.

रोमन अक्षरांचा चकवा

चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची आजची प्रमाण पद्धत ‘फिन्-यिन्’ या नावाने ओळखली जाते. चीन सरकारने १९५८ मध्ये ती स्वीकारली. तिच्या रचनेत मोठा वाटा असलेले भाषातज्ज्ञ चोउ योउक्वांग २०१७ मध्ये वयाच्या १११व्या वर्षी निवर्तले. ही पद्धत चिनी मुलांसाठी आणि चिनी भाषेच्या गरजेतून तयार झाली. इंग्रजी वाचकाची सोय पाहणे हा तिचा हेतू नव्हता.

चिनी भाषेत प, त, क या ध्वनींची फ, थ, ख यांच्याशी जोडी आहे. म्हणजे भेद श्वासाचा आहे. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांत जो फरक आहे तोच. ब, द, ग हे घोष ध्वनी प्रमाण चिनी भाषेत स्वतंत्रपणे नाहीत. फिन्-यिन् पद्धतीने रोमन ‘बी’ हे अक्षर ‘प’साठी आणि ‘पी’ हे अक्षर ‘फ’साठी वापरले. राजधानीचे नाव आपण ‘बीजिंग’ वाचतो. चिनी माणूस ते ‘पेइ-चिंग’ असे उच्चारतो.

‘प’च्या जागी ‘ब’ म्हटल्याने फारसे बिघडत नाही. ऐकणारा समजून घेतो. खरा घोटाळा उलट बाजूला आहे. भारतीय माणूस इंग्रजी ‘पी’, ‘टी’, ‘के’ ही अक्षरे श्वासाचा झोत न सोडता उच्चारतो. त्यामुळे चिनी कानाला ‘फ’ऐवजी ‘प’, ‘थ’ऐवजी ‘त’ ऐकू येतो आणि शब्दच बदलतो. ‘तू-च़’ म्हणजे पोट आणि ‘थू-च़’ म्हणजे ससा. चहाला चिनी भाषेत ‘छा’ म्हणतात; तो श्वास गाळून ‘चा’ म्हटला, तर त्याच स्वरात त्याचा अर्थ ‘तळणे’ असा होतो. देवनागरीत ‘छा’ लिहून घेणाऱ्याकडून ही चूक होण्याचे कारण नाही.

याहून मौजेची बाब ‘च’ची आहे. मराठीत लिहिताना ‘च’ एकच, पण बोलताना दोन. ‘चार’ या संख्येतला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. ‘चहा’तला तालव्य, तर ‘चाक’, ‘चूल’ यांतला दंततालव्य. हिंदी भाषकाला हा दुसरा ‘च’ प्रयत्नाने शिकावा लागतो. चिनी भाषेत हे दोन्ही ध्वनी आहेत आणि त्यांची गल्लत चालत नाही. रोमन ‘झेड’ने लिहिलेला ध्वनी म्हणजे आपला चाकाचा ‘च’. ‘जे’ने लिहिलेला म्हणजे चारातला ‘च’. ‘लवकर’ या अर्थाचा आणि सकाळच्या सर्व शब्दांचा मुख्य आधार असलेला शब्द आहे ‘च़ाव’. रोमन अक्षरे पाहून बहुतेक भारतीय विद्यार्थी तो ‘झाओ’ असा वाचतात. मराठी विद्यार्थ्याने ‘चाक’ म्हणण्यास तोंड उघडावे आणि ‘चाव’ म्हणावे, की झाले. सोयीसाठी या लेखात चाकातल्या ‘च’खाली नुक्ता दिला आहे.

जेथे मराठीची मदत पुरत नाही, असे ध्वनीही आहेत. च़ला श्वासाची जोड दिलेला ‘छ़’ आपल्याकडे नाही. जीभ ‘ट’च्या जागी वळवून म्हटलेले ‘च’ आणि ‘छ’ नवे आहेत. ‘छा’तला ‘छ’ असा वळवलेला असतो. ‘श’ आणि ‘ष’ मराठी लिपीने जपले, पण बोलण्यात त्यांतला भेद आपण गमावला आहे. चिनी भाषेसाठी तो पुन्हा मिळवावा लागतो. शाळेत ‘पोटफोड्या ष’ म्हणून हसण्यावारी नेलेले अक्षर येथे रोज लागते.

स्वर चुकला, अर्थ चुकला

व्यंजनांत मराठी माणूस काहीसा पुढे असला, तरी स्वरांच्या बाबतीत त्याला कसलीच सवलत नाही. प्रमाण चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला चढ-उतार ठरलेला असतो. पहिला स्वर उंच आणि सपाट, संवादिनीची एकच पट्टी दाबून धरावी तसा. दुसरा खालून वर चढणारा, आपण आश्चर्याने ‘काय?’ विचारतो तसा. तिसरा खाली दबलेला, खर्जातला. चौथा वरून झटक्यात खाली येणारा, मुलाला दटावताना ‘चल!’ म्हणतो तसा. यांखेरीज काही अक्षरे हलकी, स्वराविना येतात. यापुढे प्रत्येक अक्षरापुढे १ ते ४ असे अंक दिले आहेत, ते या स्वरांचे.

वऱ्हाडातील वाचकाला याचे महत्त्व कापसाच्या उदाहरणाने चटकन पटेल. ‘म्येन२’ म्हणजे कापूस आणि ‘म्येन४’ म्हणजे पीठ. पावाला चिनी भाषेत ‘म्येन४-पाव१’ म्हणतात. पहिल्या अक्षराचा स्वर चढला, तर न्याहारीच्या ताटात कापूस येतो. या शब्दातील ‘पाव’ पाहून आपल्याला आपला पाव आठवणे साहजिक आहे. पण मराठी पाव पोर्तुगीजांकडून आला आणि चिनी ‘पाव१’चा मूळ अर्थ गुंडाळणे. दोघांची भेट योगायोगाची आहे.

आणखी एक उदाहरण घड्याळाचे. ‘छि१’ म्हणजे सात आणि ‘छि३’ म्हणजे उठणे. ‘वो३ छि१ त्येन३ छि३-छ्वांग२’ म्हणजे ‘मी सात वाजता उठतो.’ एका वाक्यात एकच ‘छि’ दोनदा, दोन स्वरांत. हे वाक्य आठवडाभर रोज सकाळी मोठ्याने म्हटले, तर पहिल्या आणि तिसऱ्या स्वरातला फरक जिभेवर बसतो. हेच वाक्य स्त्रीनेही जसेच्या तसे म्हणावयाचे. चिनी क्रियापदाला ‘उठतो’, ‘उठते’ असा लिंगभेद नाही आणि ‘उठलो’, ‘उठेन’ असे काळानुसार रूप बदलणेही नाही. शिवाय वेळ क्रियापदाच्या आधी येते, मराठीप्रमाणेच. कर्म मात्र क्रियापदाच्या मागून येते. ‘मी पितो चहा’, अशी ती रचना.

अंथरुणापासून आंघोळीपर्यंत

‘छि३-छ्वांग२’ याचा शब्दशः अर्थ ‘पलंगावरून उठणे’. उठविणाऱ्या गजराच्या घड्याळाला ‘नाव४-चुंग१’ म्हणतात. त्यातला ‘नाव४’ म्हणजे गोंगाट किंवा गोंधळ घालणे, तेव्हा हे नाव यथार्थच म्हणावे लागेल. पहाटेला ‘छिंग१-छन२’, सकाळच्या पहिल्या भागाला ‘च़ाव३-षांग’ आणि त्यानंतर दुपारपर्यंतच्या वेळेला ‘षांग४-वू३’ म्हणतात. ‘च़ाव३’ हे चिन्ह लिहिण्यास सोपे आहे: वर सूर्याची चौकट आणि तिच्याखाली अधिकच्या चिन्हासारखी फुली.

अभिवादन म्हणून ‘च़ाव३-षांग हाव३’ असे म्हणतात. ओळखीच्या माणसाला नुसते ‘च़ाव३’ पुरते. वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना ‘निन२ च़ाव३’ म्हणावे. ‘नि३’ हा तू किंवा तुम्ही, आणि ‘निन२’ हा आदरार्थी आपण. ‘हाव३’ म्हणजे चांगले. पण होकार देतानाही ‘बरे’, ‘ठीक’ या अर्थाने तोच शब्द येतो. वऱ्हाडी बोलीत होकाराला ‘हाव’च म्हणतात. या दोन शब्दांचे नाते नाही, तरीही अमरावती-अकोल्याच्या माणसाने आवाज जरा खर्जात नेऊन आपला नेहमीचा ‘हाव’ म्हटला, तर तो चीनमध्ये जवळपास जसाच्या तसा चालून जातो.

दात घासणे म्हणजे ‘ष्वा१-या२’. ‘ष्वा’ म्हणजे घासणे, ‘या’ म्हणजे दात. हीच दोन अक्षरे उलट केली की ‘या२-ष्वा१’, म्हणजे दाताचा ब्रश. दंतमंजनाच्या पेस्टला ‘या२-काव१’ म्हणतात. चिनी शब्द असे ठोकळ्यांसारखे जुळतात, ही नवशिक्यासाठी मोठी सोय आहे. दहा ठोकळ्यांतून वीस शब्द होतात.

दात घासण्याच्या या विषयावर भारत आणि चीन यांच्यात तेराशे वर्षांपूर्वी शब्दार्थाचा एक वाद होऊन गेला आहे. इत्सिंग हा चिनी भिक्षू इसवी सन ६७१ मध्ये समुद्रमार्गे भारताकडे निघाला, नालंदा येथे अनेक वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये चीनला परतला. भारतातील भिक्षूंच्या दिनक्रमाचे त्याने जे वर्णन लिहून ठेवले, त्यात सकाळी दातवण चावण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काडी बारा अंगुळे लांब असावी, आखूड झाली तरी आठ अंगुळांपेक्षा कमी नसावी, येथपर्यंत तपशील तो देतो. दातवणाला त्याने वापरलेला शब्द ‘छ्र३-मू४’, म्हणजे ‘दात-लाकूड’. संस्कृतातील ‘दंतकाष्ठ’ या शब्दाचे हे सरळ भाषांतर आहे. त्याच्या आधीच्या भाषांतरकारांनी मात्र ‘विलोच्या झाडाची डहाळी’ असा शब्द रूढ केला होता. इत्सिंगाने त्याला हरकत घेतली. भारतात विलोची झाडे क्वचितच आढळतात, मग दातवण विलोचे कसे असेल, असा त्याचा आक्षेप होता. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावलेल्या वऱ्हाडी माणसाला त्याचे म्हणणे लगेच पटेल. पण भाषेने इत्सिंगाचे ऐकले नाही. विलोच्या डहाळीचा तो जुना शब्द चीनमधून जपानात गेला आणि तेथे दात कोरण्याच्या काडीला आजही त्याच शब्दापासून आलेले नाव आहे. चुकीचा शब्द एकदा तोंडात बसला की विद्वानांनाही तो काढता येत नाही.

तोंड धुणे म्हणजे ‘शि३-ल्येन३’. येथे उच्चाराचा एक नियम लक्षात ठेवावा लागतो. तिसऱ्या स्वराची दोन अक्षरे लागोपाठ आली की पहिले दुसऱ्या स्वरात म्हणतात. त्यामुळे प्रत्यक्षात ‘शि२-ल्येन३’ ऐकू येते. ‘नि३ हाव३’ हे सर्वांना ठाऊक असलेले अभिवादनही याच नियमाने ‘नि२ हाव३’ असे होते. टॉवेलला ‘माव२-चिन१’, केस विंचरण्याला ‘षू१-थोउ२’ आणि कपडे घालण्याला ‘छ्वान१ यि१-फ़ु’ म्हणतात. शेवटच्या शब्दातील ‘फ़’ दात ओठावर टेकवून म्हणावयाचा, ‘फोन’मध्ये आपण म्हणतो तसा. ‘फळ’तला फ वेगळा आणि हा वेगळा.

आंघोळीला ‘शि३-च़ाव३’ म्हणतात. यातला ‘च़ाव३’ आणि सकाळचा ‘च़ाव३’ यांचा उच्चार व स्वर तंतोतंत सारखा आहे. लिहिताना मात्र आंघोळीच्या चिन्हाला डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. मराठी माणसाला वाटेल, सकाळ आणि आंघोळ यांचा उच्चार एकच असणे किती योग्य! पण चीनमध्ये बहुसंख्य लोक रात्री झोपण्यापूर्वी आंघोळ करतात. सकाळी तोंड धुतले की पुरते. तेव्हा एखाद्या चिनी यजमानाला सकाळी उठल्याबरोबर आंघोळीचे पाणी विचारले, तर तो थोडा चकित होईल. मराठी पाहुण्याने तयारी ठेवावी.

सकाळच्या व्यायामाला ‘च़ाव३-छ़ाव१’ म्हणतात. चीनमध्ये १९५१ पासून आकाशवाणीवरून सामूहिक कवायत प्रक्षेपित होऊ लागली आणि शाळांच्या मैदानांवर ती अनेक पिढ्यांनी केली. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावतीला व्यायामाचे अप्रूप सांगण्याची गरज नाही. शब्दाबाबत मात्र सावधगिरी हवी. ‘छ़ाव१’ सपाट, उंच स्वरातच म्हणावा. चौथ्या स्वरात तो घसरला तर शिवी होते.

चहा, पाव आणि ज्वारी

न्याहारी म्हणजे ‘च़ाव३-फ़ान४’, शब्दशः सकाळचे जेवण. खाणे म्हणजे ‘छ्र१’; हा उच्चार देवनागरीत नेमका लिहिता येत नाही. जीभ वळवून ‘छ’ म्हणावा आणि स्वर न जोडता तेथेच थांबावे. परिचितांमध्ये ‘छ्र१ ल मा?’ असे विचारण्याची जुनी रीत आहे. ‘जेवलात का?’ असा त्याचा अर्थ. येथे वाक्याच्या शेवटी येणारा ‘मा’ हा आपल्या ‘का’चे काम करतो. आपल्याकडील ‘जेवण झाले का?’ याप्रमाणे त्यामागेही उत्तराची अपेक्षा फारशी नसते.

न्याहारीचे पदार्थ प्रांताप्रमाणे बदलतात. सोयाबीनचे दूध ‘तोउ४-च्यांग१’ आणि तळलेली पिठाची लांब कांडी ‘योउ२-थ्याव२’ ही जोडी सर्वत्र दिसते. विदर्भात सोयाबीनचे पीक अमाप असले, तरी सकाळी त्याचे दूध पिण्याची कल्पना येथे रुजलेली नाही. सारण भरून वाफवलेल्या गोळ्याला ‘पाव१-च़’, पेजेला ‘चोउ१’, अंड्याला ‘चि१-तान४’ आणि दुधाला ‘न्योउ२-नाय३’ म्हणतात. उत्तरेकडे राळ्याची पेज आवडीने खातात. राळ्याला ‘श्याव३-मि३’ असे नाव आहे. वऱ्हाडची ज्वारीही चीनला परकी नाही. तिचे नाव ‘काव१-ल्यांग’. ती पूर्वी उत्तर चीनच्या खेड्यांतील गरिबांचे अन्न होती. आता तिचा मोठा वाटा मद्यासाठी जातो.

सकाळी उठल्यावर चिनी माणूस गरम पाणी पितो. उकळलेल्या पाण्याला ‘खाय१-ष्वेइ३’ म्हणतात. वऱ्हाडीत ‘खाय’ म्हणजे ‘खा’, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या लक्षात हा शब्द कायमचा राहील. उन्हाळ्यात माठातले पाणी शोधणाऱ्या पाहुण्यासमोरही बहुधा गरम पाण्याचाच पेला येतो.

चहा पिणे म्हणजे ‘ह१ छा२’. यातला ‘ह’ जवळपास मराठीतल्या ‘अ’कारान्त ‘ह’सारखा. ‘चहा’तली अक्षरे उलटी ठेवली की ‘ह-छा’ तयार होते; पाठांतरासाठी याहून सोपी खूण नाही. येथे मात्र नाते योगायोगाचे नाही. आपला ‘चहा’ हा मुळात चिनी ‘छा’च आहे. हा शब्द खुष्कीच्या मार्गाने फारसीत आणि तेथून भारतीय भाषांत आला. इंग्रजीतला ‘टी’ दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील बोलीतून, समुद्रमार्गे युरोपात पोहोचला. चिन्हही पाहण्यासारखे आहे. वर गवत, मध्ये माणसाच्या चिन्हासारखी आकृती आणि खाली झाडासारखा आकार. एक कप चहाला ‘यि४ पेइ१ छा२’ म्हणतात. वस्तू मोजताना मध्ये असा एक शब्द घालावाच लागतो, आपण ‘चार जण’, ‘दोन नग’ म्हणतो तसा. चिनी भाषेत त्यातून सुटका कोणत्याच वस्तूची नाही.

चहात दूध-साखर घालण्याची रीत तेथे नाही. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला चहा उत्तर चीनमध्ये लोकप्रिय आहे. त्याला ‘मो४-लि४-ह्वा१ छा२’ म्हणतात. ‘ह्वा’ म्हणजे फूल आणि ‘मो-लि’ हे संस्कृत ‘मल्लिका’चे चिनी रूप. म्हणजे एका पेल्यात त्यांच्याकडून आलेला आपला शब्द आणि आपल्याकडून गेलेला त्यांचा शब्द एकत्र येतात. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांमुळे असे अनेक शब्द चिनी भाषेत गेले. ‘क्षण’ तेथे ‘छा४-ना४’ झाला आणि ‘ध्यान’ ‘छान२’ झाले. या भाषांतरांच्या अभ्यासासाठी काही मराठी पंडितांनी चिनी भाषा आत्मसात केली. पुण्याचे डॉ. पु. वि. बापट यांनी मूळ पाली प्रत उपलब्ध नसलेला ‘विमुत्तिमग्ग’ चिनी भाषांतरावरून अभ्यासला आणि त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. ती ग्रंथांची चिनी होती. न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात तिचा उपयोग झाला नसता.

रुग्णाच्या खाटेपाशी

बोलण्याची चिनी किती मोलाची ठरते, हे दाखवून देणारा मराठी माणूस सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (जन्म १९१०) हे १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकातले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैन्यासाठी हे डॉक्टर गेले, तेव्हा त्यांना तेथील भाषा अवगत नव्हती. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर घेतले. या ‘ह्वा२’चा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘ख१ ति४-ह्वा२’. फुलाचा ‘ह्वा१’ वेगळा, हे वाचकाच्या आता ध्यानात आले असेलच.

सहकारी परतल्यानंतरही कोटणीस थांबले. ते चिनी बोलू आणि वाचू-लिहू लागले, खेड्यांतील रुग्णांवर उपचार करू लागले, शिकाऊ डॉक्टरांना चिनी भाषेत शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका को छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ‘यिन४-ह्वा२’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाने त्यांचे नाव घराघरांत नेले. चार वर्षांत त्यांनी भाषा कशी मिळविली, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

तो प्रश्न आज शेकडो घरांचा आहे. चीनमधील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातलेही आहेत. करोनाच्या साथीत, २०२०च्या प्रारंभी, मायदेशी परतलेले आणि २०२२च्या उत्तरार्धापर्यंत परत जाऊ न शकलेले भारतीय विद्यार्थी २३ हजारांच्या घरात होते. यांतील बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात, म्हणून भाषेची चिंता नाही, असे प्रवेशाच्या वेळी पालकांना वाटते. प्राध्यापक इंग्रजी बोलतात. रुग्ण बोलत नाही. सकाळच्या फेरीत खाटेपाशी उभे राहून विचारावयाचे प्रश्न बहुतेक वेळा सकाळचेच असतात. किती वाजता उठलात, तोंड धुतले का, न्याहारी केली का, पाणी प्यालात का. पुढचे उत्तर ‘तू४-च़ थंग२’, म्हणजे पोट दुखते, असे आले आणि विद्यार्थ्याने वहीत ससा लिहिला, तर औषधाची पाळी येण्याआधीच घोळ झालेला असतो.

चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेला ‘एचएसके’ म्हणतात. २०१० पासून तिच्या सहा पातळ्या होत्या आणि पहिलीसाठी १५० शब्द पुरत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नव्या मानकात नऊ पातळ्या आल्या आणि पहिलीचीच अपेक्षा ५०० शब्दांवर गेली. जुन्या यादीत ‘चहा’ पहिल्या पातळीवर, ‘उठणे’ दुसऱ्या, तर ‘दात घासणे’ आणि ‘आंघोळ’ तिसऱ्या पातळीवर होते. परीक्षेचा हा क्रम स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याला दात न घासता बराच काळ चहा प्यावा लागतो. घरच्या घरी शिकणाऱ्याने परीक्षेची यादी बाजूला ठेवून आरसा, मोरी आणि चूल यांचा क्रम धरावा, हे बरे. वही मराठीतच घालावी. शब्द देवनागरीत लिहावा, दुसऱ्या ‘च’खाली नुक्ता द्यावा, शेजारी स्वराचा अंक टाकावा आणि फिन्-यिन् रूप त्याखाली लिहावे. कोश पाहण्यासाठी आणि मोबाईलवर टंकण्यासाठी ते लागतेच. उच्चार मात्र चिनी माणसाच्या ध्वनिमुद्रणावरून पडताळून घ्यावा. देवनागरीही सगळे सांगत नाही.

सरावासाठी चिनी माणसाशी दूरध्वनीवर बोलावयाचे असल्यास घड्याळाकडे लक्ष हवे. एवढ्या विस्तीर्ण देशात सर्वत्र पेइचिंगची एकच वेळ चालते आणि ती भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. कौंडण्यपुरात सकाळचे सहा वाजतात, तेव्हा पेइचिंगमध्ये साडेआठ झालेले असतात. तेथली न्याहारी आटोपलेली असते आणि मंडळी ‘षांग४-पान१’, म्हणजे कामावर, निघालेली असतात. पश्चिमेकडच्या शिन्च्यांग प्रांतात मात्र घड्याळात तेवढेच वाजलेले असूनही, हिवाळ्यात बाहेर अंधार असतो. तेथे ‘च़ाव३’ म्हणावयाचे की आणखी तासभर थांबावयाचे, हे समोरच्या माणसाला विचारूनच ठरवावे लागते.